धरममायचा होकार

धरममायचा आवाज काय चीज होती, हे आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये एकदा तरी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बसलेल्यालाच कळेल. फादर वेदीवरून काही म्हणायचे आणि लोकांनी त्याला उत्तर द्यायचं, अशी रीत. बाकीचे सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. धरममाय मात्र शेताच्या त्या टोकाला हाक मारावी तशी उत्तर द्यायची. वर पत्र्याचं छप्पर. तिच्या आवाजानं ते थरथरतं असं आम्हा पोरांचं पक्कं मत होतं, आणि रविवारी आम्ही पुढच्या सतरंजीवर बसून छपराकडंच बघत राहायचो.

तिचं नाव मार्थाबाई. पण त्या नावानं तिला फक्त फादर हाक मारत. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, दोन खोल्यांचं घर आणि दारात शेळ्या. पिंगळीच्या स्टेशनात उतरून आमच्या वस्तीकडं यायला लागलं की माणसांच्या आधी तिच्या शेळ्याच भेटायच्या. कॅथलिक लोकांत तान्ह्या लेकराचा स्नानसंस्कार करतात, म्हणजे त्याच्या डोक्यावर पाणी घालून त्याला ख्रिस्ती करून घेतात. लेकराला बोलता येत नाही, म्हणून फादरांच्या प्रश्नांना त्याच्या वतीनं आईबाप आणि धर्ममाता उत्तरं देतात. आमच्याकडच्या निम्म्या बाया हंगामात ऊसतोडीला गेलेल्या, उरलेल्या लाजऱ्या. मग धर्ममाता कोण? मार्थाबाई! अशी ती बघता बघता अर्ध्या वस्तीची धरममाय झाली. माझीही तीच. लुसी हे नावही तिनंच ठेवलं, आणि आयुष्यभर मला 'लुशे' म्हणून तिनंच त्याची वाट लावली.

स्नानसंस्काराच्या दिवशी तिला बघणं म्हणजे पर्वणी. हिरवं लुगडं, डोक्याला चापूनचोपून तेल, कडेवर दुसऱ्याचं लेकरू. फादर विचारायचे, "तुम्ही सैतानाचा त्याग करता का?" आईबाप "करतो" असं मान खाली घालून म्हणायचे. धरममाय गरजायची, "हाव, करते! आन पुन्हा दारात उभं करणार न्हाई!" कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागायचं. एकदा फादर हसू दाबत म्हणाले, "जरा हळू, मार्थाबाई." तर ही म्हणाली, "फादर, सैतानाला ऐकू गेलं पायजे का न्हाई?" फादरांनी गुपचूप पाणी हातात घेतलं.

बरं, होकार देऊन ही मोकळी होत नसे. दिलेला शब्द आपल्या अंगावर आहे, अशी तिची समजूत. हापशावर पाणी भरायला गेलं की ती वाट अडवून धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारत उभी. "लुशे, सांग, देवानं तुला कामून घडवलं?" घागर भरेस्तोवर उत्तर आलं पाहिजे. अडखळलं की पाठीत धपाटा, आलं की कनवटीची शेंगदाण्याची चिक्की. मी पटकन उत्तर दिलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. "असं कुजबुजायलीस कामून? चोरी केली का? मोठ्यानं बोल, देव हाय तो, चुगलखोर शेजारीण न्हाई." मग मी ओरडून सांगायची आणि हापशावरच्या बाया पदराआड हसायच्या.

देवाच्या माणसांशी तिची वागणूक घरातल्यासारखी होती. तिच्या कोनाड्यात नाक उडालेली संत अंतोनीची मूर्ती होती. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत तो. एकदा तिची गाभण शेळी हरवली. दोन दिवस तिनं त्याला विनवलं, तिसऱ्या दिवशी मूर्ती उचलून तोंड भिंतीकडं करून ठेवली. "शेळी येऊस्तोर असाच ऱ्हा. दिवसभर नुसता उभा ऱ्हायलाय, काम न्हाई धाम न्हाई!" संध्याकाळी शेळी आपल्या पायानं घरी आली. धरममायनं लगेच संताला सरळ केलं, फडक्यानं पुसलं, त्याच्यापुढं झेंडूचं फूल ठेवलं आणि वर त्यालाच ऐकवलं, "सकाळीच आणली असती तर एवढं झालं असतं का?"

संध्याकाळी दिवा लागला की जपमाळ. ती संपली की धरमलेकरांची नावं. त्यांच्या तिनं रांगा केल्या होत्या. पहिली गावातल्यांची, दुसरी ऊसतोडीला गेलेल्यांची, तिसरी नांदायला गेलेल्या पोरींची, चौथी शिकायला-नोकरीला परगावी गेलेल्यांची. प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि "सुखरूप ठेव" म्हणायचं. आमचं घर तिला लागूनच, ओट्यावर बसलं की सगळी नावं ऐकू यायची. माझं नाव आलं की मी जेवता जेवता थांबायची. बरं वाटायचं. आपलं नाव रोज देवाच्या कानावर जातंय, आणि तेही असल्या आवाजात, म्हणजे त्याला ऐकू न जाण्याचा प्रश्नच नाही!

मी परभणीला कॉलेजात गेले आणि चौथ्या रांगेत जाऊन बसले. वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण दर शनिवारी एका प्रार्थनासभेला जायची. मी सोबत म्हणून गेले. तिथं पेटी होती, डफ होता, टाळ्या होत्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. स्वतःचं! आमच्या घरी ते कपाटाच्या वरच्या फळीवर, फुलांच्या माळेखाली असायचं. मी वाचायला लागले आणि मला थांबताच येईना. बसमध्ये वाचायची, मेसच्या रांगेत वाचायची, हिरव्या-गुलाबी पेनानं ओळीच्या ओळी रंगवायची. देव माझ्याशी सरळ बोलतोय, मध्ये कुणीच नाही, अशा आनंदानं मी अक्षरशः उड्या मारत होते. वर्षभरात माझं ठरलं. या मंडळीत, म्हणजे प्रार्थनासभेच्या या पंथात, मोठ्या वयात, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतात. मला तो घ्यायचा होता. त्या निर्णयाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

प्रश्न एकच होता, धरममायला सांगण्याचा. आई म्हणाली, "मला नको इचारू. तू आन तुझी धरममाय बघून घ्या." मी शास्त्र काखेत मारून गेले. सगळी तयारी करून! मूर्तीबद्दल विचारलं तर हे वचन, मरियामातेबद्दल विचारलं तर ते. धरममाय दारात बसून सुपानं ज्वारी पाखडत होती. मी सुरुवात संत अंतोनीपासून केली आणि मूर्तिपूजा कशी चूक आहे हे सांगायला लागले.

"पूजा कोण करायलंय?" ती म्हणाली. "म्या तर भांडायलेय त्याच्याशी."

पहिलाच घाव असा वाया गेल्यावर मी सरळ मुद्द्यावर आले. "धरममाय, मी बाप्तिस्मा घ्यायलेय. पुढच्या महिन्यात."

"तुझा झालाय की. म्याच उभी होते. माझ्या नव्या लुगड्यावर दूध वकलीस तू."

"ते लहानपणचं झालं. तवा मला काय कळत होतं?"

"तुला कळत नव्हतं मनून तर म्या होते."

आणि सूप थांबलं. इतकी वर्षं मी त्या बाईला ओरडताना, हसताना, भांडताना पाहिलं होतं, पण गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "लुशे, त्या दिवशी देवापुढं तुझी गवाही म्या दिली. तू आता मनायलीस, ते धरायचंच न्हाई. मंग माझं बोलणं खोटं ठरलं का?"

माझ्याजवळ सगळ्यासाठी वचनं होती, याच्यासाठी नव्हतं. "खोटं न्हाई गं," एवढंच मी म्हणाले. ती ज्वारीतला खडा शोधत राहिली. मग तिनं विचारलं, "आता तुझं नाव कोणच्या रांगेत घेऊ?" मी म्हटलं, चौथीत आहे तिथंच राहू दे. तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर कान देऊन बसले. चारही रांगा झाल्या. माझं नाव आलं नाही.

मी परभणीला परतले तेव्हा माझी अवस्था विचित्र होती. जपमाळेवर, संतांवर, कुणी दुसऱ्यानं आपल्यासाठी रदबदली करण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. मग त्या यादीतून नाव गेलं तर बिघडलं काय? पण बिघडलं होतं. रोज दिवेलागणीला मी घड्याळ बघायची. आता तिसरी रांग चालू असेल, आता चौथी. आईला फोन केला की आधी तेच विचारायची. आई म्हणायची, "न्हाई घेतलं बाई." मैत्रिणी बाप्तिस्म्यासाठी पांढरे ड्रेस शिवून घेत होत्या, गाणी बसवत होत्या, आणि मी त्या सगळ्या आनंदात उभी राहून एका म्हातारीनं माझं नाव घ्यावं म्हणून झुरत होते.

बाप्तिस्मा मानवत रस्त्याला, मंडळीतल्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात होता. काठोकाठ भरलेलं तळं, सगळीकडून काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचं अस्तर, आणि तो कागद असा निसरडा की आमचे पास्टर एका हातानं दोरी धरूनच पाण्यात उतरले. बांधावर डफ वाजत होता. फेब्रुवारीची सकाळ, वारा सुटलेला, आम्ही पांढऱ्या कपड्यांत कुडकुडतोय आणि तरी गातोय. माझी पाळी जवळ आली तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. आधी आई उतरली. मागून हिरवं लुगडं!

धरममाय तरातरा बांधावर चढली. मुठीत जपमाळ. कुणी "या मावशी, बसा" म्हटलं तर तिनं ऐकवलं, "बसायला न्हाई आले. पोरीला बुडवून मारतेत का काय, ते बघायला आले." ती आली होती! पण कशासाठी आली होती हे मला कळेना. मला हाताला धरून घरी घेऊन जाईल, अशीही भीती वाटली.

मी दोरीला धरून पाण्यात उतरले. छातीपर्यंत गार पाणी. डफ थांबला. पास्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "लुसी, प्रभू येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे, असा तू विश्वास ठेवतेस का?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बांधावरून गर्जना आली, "हाव, ठेवते!"

मग धरममायनं गपकन तोंडावर हात मारला. आयुष्यभराची सवय! प्रश्न झाला, समोर पाणी आहे, लेकरू आहे, मग उत्तर तिनं द्यायचं नाही तर कुणी? बांधावर हशा पिकला. आई हसत होती, डफवाला हसत होता, पास्टर हसता हसता घसरले आणि मीच त्यांना धरलं. ते सावरून म्हणाले, "मावशी, उत्तर हिनं द्यायचंय."

"दील की," धरममाय म्हणाली. "आदी म्या देते, मंग ती. आमच्यात असंच असतंय."

पास्टरनी पुन्हा विचारलं. मी असं काही ओरडून उत्तर दिलं की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. बांधावरून आवाज आला, "हां! असं बोलावं." मग मी पाण्याखाली गेले, वर आले, डोळ्यांपुढं सगळं चकचकतंय, लोक गातायत, आणि त्या सगळ्यांच्या पुढं, अर्धं लुगडं भिजवून, धरममाय काठाशी उभी. तिनं मला दंडाला धरून वर ओढलं आणि पदरानं खसाखसा माझं तोंड, डोकं पुसलं. "पूस, पूस. वारं हाय." मग पास्टरकडं वळून म्हणाली, "साहेब, पोरीचा जिम्मा माझाच हाय. तुमच्याकडं धाडलीय, सोडून न्हाई दिली." जेवणात तिनं भात दोनदा घेतला आणि रस्सा अळणी असल्याचं मंडळीला बजावून सांगितलं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. काही न बोलता तिनं फोन खिडकीशी धरला. पहिली रांग, दुसरी, तिसरी, चौथी. आणि शेवटी, "लुशी, परगावी गेली हाय. सुखरूप ठेव." मी वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीच नाचले.

त्यानंतर ती बदलली असं कुणी समजू नये. आपलं ते खरं, हे तिनं कधी सोडलं नाही. मीही सोडलं नाही. फादर लग्न करत नाहीत, त्यामुळं आमच्या पास्टरना बायको आहे याची तिला फार मजा वाटायची. "बरं हाय, भाकर गरम मिळत आसंल." माझं लग्न मंडळीतच झालं, तर तिनं घरावर शिंपडायला थंड पेयाच्या बाटलीत पवित्र पाणी पाठवलं. त्याचं करायचं काय हे मला कळेना, टाकवेनाही. बाटली फ्रिजमध्ये राहिली आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझा नवरा ते गटागटा पिऊन गेला. मी घाबरत घाबरत तिला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बेस झालं! वरून शिंपडणार होते, त्यो आतून धुऊन निघाला."

मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपला देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं की बाकीच्या बायका घाबरतात, माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. लोक विचारतात, हे कुठं शिकलात? हापशावर शिकले! देवाशी मोठ्यानं बोलायचं, त्याच्याशी भांडायचं, दुसऱ्याचं नाव रोज त्याच्या कानावर घालायचं, हे सगळं मी तिच्याकडून घेऊन आले. तिचं चर्च मी सोडलं, पण मला देवाची भीती न वाटता त्याची आवड वाटली ती तिच्यामुळं. हे मी मंडळीतही सांगते. काहींना आवडत नाही, नाही आवडलं तर राहिलं.

गेल्या मे महिन्यात तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्या बाईची वाचा! मी धावत गेले. खोलीत आई होती, वस्तीतल्या बाया होत्या, दारात शेळ्या ओरडत होत्या. दुपारी फादर आले. नवे होते, तरुण, तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. कोनाड्यातल्या अंतोनीकडं बघून मी मनात म्हटलं, हिची वाचा हरवलीय, दे शोधून. मग माझं मलाच हसू आलं.

मरणाला टेकलेल्या कॅथलिक माणसाला शेवटचा प्रसाद देण्याआधी तेच प्रश्न पुन्हा विचारतात, जे त्याच्या स्नानसंस्कारात विचारले होते. फादरनी पुस्तक उघडलं. "सर्वसमर्थ पिता परमेश्वरावर तुम्ही विश्वास ठेवता का?"

धरममायचे ओठ हलले. आवाज नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. प्रश्न झालाय आणि उत्तर जात नाही, हे तिला सोसत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"हाव, ठेवते!" मी ओरडले. तिच्याच बोलीत, तिच्याच पट्टीत.

फादर दचकले. "आपण कोण?"

"मी यांची धरमलेक."

त्यांनी मान डोलावली. पुढचा प्रश्न प्रभू येशूचा होता, त्याचं उत्तर देताना मला काहीच अवघड नव्हतं. मग तिसरा आला. "पवित्र आत्म्यावर, पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभेवर तुम्ही विश्वास ठेवता का?"

रविवारी मी कुठं जाते हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आई माझ्याकडं बघत होती. मला तो वाऱ्यातला शेततळ्याचा बांध आठवला, तोंडावर गपकन बसलेला हात आठवला. जिथं तिचं काहीच नव्हतं तिथं ती माझ्यासाठी बोलली होती. आणि आज तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तर मी होते.

"हाव," मी म्हटलं, "ठेवते!" बाहेरच्या शेळ्याही गप्प होतील इतक्या मोठ्यानं.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. धरममायनं चांगल्या हातानं चाचपत पदराचं टोक उचललं आणि माझं तोंड पुसलं.